ब्लू सी ५०२६: ॲल्युमिनियमच्या छोट्या बोटीला हा फ्यूज ब्लॉक घ्यावा का?

घ्यावा. फ्यूज ब्लॉक म्हणजे बोटीतल्या सगळ्या वस्तूंचे फ्यूज एका जागी बसवायचा डबा, आणि बारा फ्यूज कुठल्याही स्वस्त ब्लॉकमध्ये बसतात. ५०२६चे जास्तीचे पैसे वसूल होतात ते त्यातच बसवलेल्या निगेटिव्ह पट्टीवर (वस्तूंच्या परतीच्या वायर जिथे एकत्र येतात ती धातूची पट्टी), आणि ॲल्युमिनियमच्या बोटीत बहुतेक भानगडी निगेटिव्हच्याच बाजूला होतात.

हे परीक्षण १४ ते १६ फुटी, आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या उघड्या बोटींपुरतं आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनच्या तळ्यांवर आणि सीमेपलीकडे ओंटारिओत अल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलायनर, ट्रॅकर अशा नावांच्या बोटी जुन्या बाजारात सहज मिळतात. तिकडच्या आपल्या मासेमारीच्या शौकिनांपैकी बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. अशा जुन्या बोटीचं वायरिंग लग्नाच्या मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगसारखं असतं. प्रत्येक मालकानं एकेक वस्तू वाढवलेली आणि तिची वायर थेट बॅटरीच्या पोलवर अडकवलेली. पोलवर पाच-सहा लगांचा (वायरच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कड्यांचा) झुबका, मधूनमधून टेप गुंडाळलेले सांधे, आणि कशाचा फ्यूज कुठे आहे याचा पत्ता नाही. ते सगळं उपटून नव्यानं करायचं ठरलं की पहिला प्रश्न फ्यूज ब्लॉकचा येतो.

ब्लू सी सिस्टिम्स ही वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमची कंपनी. ५०२६ हा तिच्या 'एसटी ब्लेड' मालिकेतला बारा सर्किटचा ब्लॉक. यात मोटारगाडीत असतात तेच चपटे फ्यूज बसतात. एका सर्किटला कमाल ३० अँप, सगळ्या ब्लॉकला मिळून १०० अँप, ३२ व्होल्ट डीसीपर्यंत. आतली पट्टी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे. वायर ८-३२ या अमेरिकन मापाच्या स्क्रूखाली बसतात, मुख्य पुरवठा १०-३२च्या स्टडवर (उभ्या खुंटीसारख्या बोल्टवर) येतो. वर पारदर्शक झाकण, ते उघडायला दाबाची कळ, आणि झाकणातच दोन जादा फ्यूज ठेवायची जागा. फ्यूज सोबत मिळत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. घेताना बंद अंगाचे एटीसी घ्या. उघड्या अंगाच्या एटीओमध्ये दमट हवा थेट आतल्या पातीपर्यंत जाते.

आता निगेटिव्हकडे. मोटारगाडीत पॉझिटिव्हची एक वायर दिव्यापर्यंत नेतात आणि परतीचा रस्ता म्हणून गाडीची बॉडी वापरतात. ही सवय बोटीत आणली की बोटीची वाट लागते. इथे प्रत्येक वस्तूला जाणारी एक आणि परत येणारी एक अशा दोन वायर हव्यातच, आणि परतीची वायर ब्लॉकच्या निगेटिव्ह पट्टीवरच यायला हवी. कारण साधं आहे: करंट जिथून ॲल्युमिनियम सोडून पाण्यात उतरतो, तिथला धातू विरघळतो. या बोटींचा पत्रा जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा असतो. सोललेली पॉझिटिव्ह वायर तळातल्या ओल्या पत्र्याला टेकून राहिली, तर भोक पडायला फार काळ लागत नाही.

दुसरी भानगड कमी लोकांना ठाऊक असते. आउटबोर्ड इंजिनाची जाड निगेटिव्ह केबल इंजिनाच्या ब्लॉकला जोडलेली असते, आणि इंजिन बोल्टनं बोटीच्या मागच्या पाटीला. म्हणजे बोटीचा पत्रा त्या एका ठिकाणी आधीच निगेटिव्हला जोडलेला आहे. तेवढं चालतं. पण पुढच्या टोकाला एखाद्या जुन्या दिव्याची निगेटिव्ह वायरही पत्र्याला टेकली, की पत्रा हा दुसरा रस्ता होतो. मग एके दिवशी इंजिनाची जाड निगेटिव्ह केबल गंजते किंवा सैल पडते. चावी फिरवली की स्टार्टरला लागणारा शंभरहून जास्त अँपचा करंट त्या केबलऐवजी पत्र्यातून पुढे जातो आणि दिव्याच्या १६ गेजच्या बारीक वायरमधून बॅटरीकडे परत येतो. ती वायर पेटते. निगेटिव्हला फ्यूज नसतो, त्यामुळे तिला थांबवणारं मध्ये काही नाही. लोक म्हणतात शॉर्ट सर्किट झालं. खरा गुन्हेगार तो चुकून झालेला दुसरा जोड असतो.

असा जोड शोधताना पट्टीचा उपयोग कळतो. इंजिनाच्या दोन्ही जाड केबल आणि ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना बोट हळू चालवणारी विजेची मोटर) बॅटरीपासून सोडवा, बाकी सगळं जोडलेलं राहू द्या. बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, दुसरं पत्र्यावर रंग खरवडून काढलेल्या उघड्या जागी टेकवा. दिवा लागला तर कुठलीतरी निगेटिव्ह वायर पत्र्याला टेकली आहे. आता पट्टीवरचे लग एकेक करून सोडवत जा. ज्या वायरला दिवा विझतो, ती चोर. बारा स्क्रू, बारा नावं, दहा मिनिटांचं काम. सगळ्या निगेटिव्ह वायर एकत्र पिळून टेप मारलेल्या बोटीत हे शोधायला अख्खा रविवार जातो आणि तरी सापडत नाही. पुढे उलट तपासणी: लॅम्प निगेटिव्ह पोल आणि पत्रा यांच्यामध्ये धरा आणि एकेक स्विच चालू करा. इथे दिवा लागला तर पॉझिटिव्ह टेकली आहे. ते दुरुस्त होईपर्यंत बोट पाण्यात उतरवू नका. हे काम नुसत्या डिजिटल मल्टिमीटरवर करू नका. त्याला इतका कमी करंट पुरतो की थोड्या ओलाव्यावरही तो काहीबाही व्होल्ट दाखवतो आणि माणूस भुताच्या मागे धावतो.

संशयित साधारण ठरलेले असतात: धातूच्या बुडाचे जुने बल्बवाले दिवे, हॉर्न, पेट्रोल किती उरलं ते काट्याला कळवणारा टाकीतला सेंडर, धातूच्या डब्यातला स्टिरिओ, व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाचा ब्रॅकेट. दिवे बदलून एलईडी लावा. बाकीच्यांच्या खाली प्लास्टिकची चकती घाला.

ब्लॉक बसवायचा कुठे? पत्र्यावर थेट नको. मध्ये अर्ध्या इंचाची एचडीपीई प्लास्टिकची पाटी किंवा मरीन प्लायवूड घ्या. हार्डवेअरच्या दुकानात हिरवट रंगाचं प्रेशर ट्रीटेड लाकूड स्वस्त मिळतं, ते अजिबात वापरू नका. त्याच्या औषधात तांबं असतं आणि ओल्या लाकडातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. जुन्या बोटींचे तळ असल्या प्लायवूडच्या फरशीखाली चाळणी झालेले दिसतात. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घालताना त्याला टेफ-जेल (दोन धातूंमधला गंज रोखणारी पेस्ट) लावा, नाहीतर दोन-तीन हंगामांनी तो निघत नाही, तुटतो. कापलेल्या वायरचे तांब्याचे तुकडे तळात पडले असतील तर वेचून काढा. पाणी साचलं की तोही तुकडा पत्र्यावर आपलं काम करतो.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: पेट्रोलच्या टाकीपासून लांब, उभ्या पृष्ठभागावर, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल अशी. प्रत्येक वायर ब्लॉकपाशी येण्याआधी थोडी खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळीतून टपकेल, स्क्रूपर्यंत जाणार नाही. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) हवंच. आउटबोर्डच्या थरथरीनं पत्र्याची धार वायरचं इन्सुलेशन कापते. दर १८ इंचांना क्लिप हवी, असं अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा ई-११ हा मानक सांगतो. छोट्या बोटीत तो कायद्यानं बांधून घालत नाही, पण बोट जळू नये असं वाटत असेल तर तोच धरून चालावं.

मुख्य पुरवठ्यात लोक सर्वात जास्त काटकसर करतात आणि नेमकी तीच अंगाशी येते. ब्लॉकमध्ये फ्यूज आहेत म्हणून बॅटरीपाशी फ्यूज नको, हा समज चुकीचा. बॅटरी ते ब्लॉक ही वायर ब्लॉकवरच्या वायरींत सगळ्यात जाड असते, आणि ती मध्येच कुठे पत्र्याला टेकली तर ब्लॉकमधले फ्यूज काहीच करू शकत नाहीत. ई-११ प्रमाणे उघड्या वायरला बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज हवा. याच कंपनीचा एमआरबीएफ प्रकारचा फ्यूज बॅटरीच्या पोलवरच बसतो. तो ३० अँपपासून पुढे मिळतो.

वायर किती जाडीची? हिशेब असा: १०.७५ गुणिले अँप गुणिले जाऊन-येऊन फूट, भागिले चालणारी व्होल्टेजची घट. उत्तर सर्क्युलर मिलमध्ये, म्हणजे वायरच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या मापात येतं. बॅटरी मागे, ब्लॉक मधल्या बाकाजवळ, अंतर ८ फूट, जाऊन-येऊन १६. एका वेळी जास्तीत जास्त २० अँप धरा. पुरवठ्याला ३ टक्के घट चालते, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६. गणित येतं ९,५५६. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड; दहा गेजची वायर साधारण दहा हजारांवर असते, म्हणजे काठावर पास. त्यामुळे ८ गेज घ्या आणि बॅटरीपाशी ५० अँपचा फ्यूज टाका. बॅटरी मागे आणि ब्लॉक पुढच्या टोकाला, १५ फुटांवर असेल तर हेच गणित १७,९१७वर जातं आणि ६ गेज लागते. ब्लॉक बॅटरीजवळ ठेवून ब्लॉकपासूनच्या बारीक वायर लांब नेणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

बारीक वायरसाठी १६ गेज हे किमान माप. दोन अँपचा फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) १४ फुटांवर असला तरी हिशेब १,६७२ येतो आणि १६ गेज आरामात पुरते. लाइव्हवेलच्या (पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या) पंपाला १४ घ्या. वायर घेताना कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांच्या पिळाची मरीन वायरच घ्या. एका तारेची घरगुती वायर थरथरीनं लगच्या तोंडाशीच मोडते. निगेटिव्हसाठी काळ्याऐवजी पिवळा रंग वापरा. तिकडे काठावरच्या एसी विजेवर चालणाऱ्या चार्जरची काळी वायर जिवंत (लाइव्ह) असते आणि अंधारात गल्लत होते.

फ्यूजचा आकडा वायर आणि वस्तू या दोघांपैकी जो लहान, तो. ब्लॉक ३० अँप सोसतो म्हणजे प्रत्येक खाचेत ३० घालायचा नसतो. एलईडी दिव्यांना ३, फिशफाइंडरला त्याच्या पुस्तिकेत लिहिलेला, यूएसबी सॉकेटला ५ ते ७.५, लाइव्हवेलला पंपावर छापलेला. पंपाच्या बाबतीत हौसेनं मोठा फ्यूज टाकणं सगळ्यात महाग पडतं. पात्यात शेवाळ किंवा मासेमारीची तंगूसची दोरी अडकली की मोटर फिरत नाही, करंट वाढत जातो, योग्य फ्यूज तिथेच उडतो. मोठा फ्यूज शांत बसतो आणि मोटर जळते.

काही गोष्टी या ब्लॉकवर आणायच्याच नाहीत. ट्रोलिंग मोटर पहिली. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर ५० अँपपर्यंत ओढते. तिला स्वतःची बॅटरी, ६० अँपचा ब्रेकर आणि जाड केबल हवी. १५ फुटांच्या अंतराला ४ गेज. तिच्याच वायरवर फिशफाइंडर टाकला तर पडद्यावर पाऊस पडल्यासारखे ठिपके येतात आणि मासा कुठला, गोंधळ कुठला ते कळत नाही. दुसरा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा. त्याची स्वयंचलित वायर मुख्य स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून, आपल्या स्वतंत्र फ्यूजसह हवी. धक्क्याला बांधलेल्या बोटीचा मुख्य स्विच बंद असताना रात्री पाऊस झाला तर तोच पंप बोट वाचवतो. त्याची निगेटिव्हही बॅटरीवरच न्या. आणि इंजिनाच्या केबल, हे सांगायलाच नको.

दिव्यांच्या स्विचपाशी जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडकतो. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला चालताना पुढे लाल-हिरवा आणि मागे सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लागतो. नांगर टाकल्यावर फक्त पांढरा. म्हणजे स्विचच्या एका बाजूला दोन्ही दिवे, दुसऱ्या बाजूला एकच. साध्या तीन पिनांच्या ऑन-ऑफ-ऑन स्विचवर पांढऱ्या दिव्याची वायर दोन्ही बाजूंना जोडली, की त्या बाजू आपसात जोडल्या जातात आणि नांगर टाकल्यावरही लाल-हिरवा पेटलेलाच राहतो. सहा पिनांचा डीपीडीटी स्विच (एकाच दांडीवर चालणारे दोन स्विच) घ्या. मधल्या दोन पिनांना पुरवठा. एका रांगेच्या दोन्ही टोकांना पांढरा. दुसऱ्या रांगेच्या एकाच टोकाला लाल-हिरवा, उरलेलं टोक मोकळं. सगळ्याला मिळून ब्लॉकवर एकच फ्यूज पुरतो. पांढऱ्या दिव्याचा खांब लाल-हिरव्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा, आणि खांब जिथे खोचतात ते दोन पिनांचं सॉकेट सगळ्यात आधी गंजतं. दिवा लागला नाही तर फ्यूजआधी तेच बघा.

लगांबद्दल थोडं. ब्लॉकच्या सर्किटांना ८ नंबरचे रिंग लग, स्टडला १० नंबरचा. दुकानात दहाचे लग जास्त मिळतात म्हणून तेच सगळीकडे घातले जातात. मग स्क्रूच्या डोक्याखाली लग एका बाजूला सरकतो, अर्धाच टेकतो आणि तापतो. उघड्या तोंडाचे फोर्क लग नकोत, थरथरीनं सटकतात. आतून गोंद असलेले, गरम केल्यावर आवळणारे हीट श्रिंक लग आणि ते चेपायला रॅचेटचा क्रिम्पर घ्या; पक्कडनं चेपलेला लग हातात निघतो. १६ गेजच्या जोडानं १५ पौंडांचा ताण मिनिटभर सोसायला हवा, १४ गेजनं ३०. प्रत्येक जोड चांगला खेचून बघा, मगच गरम करा. फक्त सोल्डरचा डाग देऊन जोड ठेवू नका. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि तिथेच तुटते. बॅटरीवरचे विंग नटही काढून टाका. ६ गेज आणि त्याहून जाड केबलला ते चालत नाहीत, साधे षटकोनी नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे) नट लावा.

आता या ब्लॉकचं काय आवडत नाही ते. झाकण पाणबंद नाही. ते चुकून पडलेल्या पान्यापासून वाचवतं, पावसापासून नाही. उघड्या बोटीत तो बाकाखाली किंवा डब्यातच बसवावा लागतो. उडालेला फ्यूज दाखवणारा दिवा नाही, म्हणजे रात्री टॉर्च आणि डोळे. स्विच यात नाहीत, त्यांचं पॅनेल वेगळं घ्यावं लागतं, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला हा खर्च लक्षात येत नाही. सगळी बारा सर्किटं एकाच पुरवठ्यावर असल्यानं काही नेहमी चालू, काही स्विचनंतर असं करता येत नाही. त्यासाठी याच मालिकेतला दोन गटांत विभागलेला ५०३२ आहे. किंमतही, नाव नसलेल्या बारा खाचांच्या ब्लॉकच्या दोन-तीन पट.

त्या स्वस्त ब्लॉकचं काय होतं? दिसायला हुबेहूब असतात. चिमटे मऊ असतात, चार-पाच वेळा फ्यूज काढला-घातला की पकड ढिली होते. ढिल्या चिमट्यात फ्यूज तापतो, प्लास्टिक पिवळं पडून वितळतं, पण फ्यूज उडत नाही, कारण करंट जास्त नसतो, जोड खराब असतो. बऱ्याच ब्लॉकना निगेटिव्ह पट्टी नसतेच. असली तर तिचे स्क्रू लोखंडाचे. चुंबक लावून बघा. गोड्या पाण्यात, ट्रेलरवर उभ्या असणाऱ्या बोटीत असा ब्लॉक एखाददुसरा हंगाम निभावतो.

५०२५ हा याचाच सहा सर्किटांचा धाकटा भाऊ, त्यालाही निगेटिव्ह पट्टी आणि झाकण आहे. दिवे, फिशफाइंडर, लाइव्हवेल, यूएसबी एवढंच असेल तर सहा पुरतात, दोन उरतात. १४ फुटी, टिलरच्या (इंजिनाच्या दांड्यानंच वळवायच्या) बोटीला आम्ही ५०२५च सुचवू. स्टिअरिंग कन्सोल असलेल्या १६ फुटीला बारा घ्या. पुढे स्टिरिओ, दुसरा फिशफाइंडर, आतले दिवे हे वाढतंच, आणि जागा नाही म्हणून एका स्क्रूखाली तीन लग कोंबण्यापेक्षा ते बरं. झाकणावरच्या खाचांत नावं लिहाच, आणि त्याच क्रमानं निगेटिव्ह पट्टीवरही. सर्किट ३ची परतीची वायर पट्टीवरही तिसऱ्या स्क्रूला.

कोकणातल्या फायबरच्या, आउटबोर्ड लावलेल्या होड्यांनाही हा ब्लॉक चालतो. तिथे पत्र्याचा प्रश्न नाही, पण खारं पाणी गोड्यापेक्षा कितीतरी कडक. घरगुती वायरच्या उघड्या तांब्याला ते आतपर्यंत काळं करतं, म्हणून मुलामा दिलेली वायर तिथे आणखी गरजेची. माप चौरस मिलिमीटरमध्ये घेताना १६ गेजला दीड, १४ला अडीच, १२ला चार आणि ८ला दहा मागा.